मरळ, वही आणि ठकूमावशीचे पाय

एका गावाच्या उशाला एक तळं होतं, आणि त्या गावात कोंडाजी नावाचा एक माणूस राहत होता. गळ टाकून मासे धरण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. पण कुठलीही गोष्ट वहीत उतरवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

त्याच्याकडे एक लाकडी पेटी होती. पेटीला सदतीस खण होते आणि प्रत्येक खणात एकेक आमिष. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा हिरवा बेडूक होता. तो पाण्यावर टाकला की खऱ्यासारखा उड्या मारी. पितळेच्या पत्र्याची चमकी होती, कोंबड्याच्या पिसांचा झुबका होता, लाल रेशमाची अळी होती. सगळी त्याने स्वतःच्या हाताने केलेली. सर्वांत खालच्या खणात मात्र चामड्याची एक काळी वादी पडून होती. ती भिजली की गांडुळासारखी दिसे आणि तशीच संथ वळवळे. ती त्याच्या बापाने केलेली होती. कोंडाजीला तिची थोडी लाजच वाटे, म्हणून ती तळाशी.

आणि त्याची वही! कोणत्या तिथीला, कोणत्या आमिषावर, किती मासे लागले, हे तो बारीक अक्षरात लिहून ठेवी. कोणी काही विचारलं की तो आधी वही उघडायचा, मग तोंड.

त्या गावाचा एक नियम होता. होळी पेटली की पावसाळा सरेपर्यंत तळ्यात कोणी जाळं टाकायचं नाही. या दिवसांत माशांना पिल्लं होतात, म्हणून. ज्याला मासा हवा असेल त्याने गळ टाकावा आणि घरापुरता एक मासा न्यावा.

त्या वर्षी होळीच्या दुसऱ्या दिवशी कोंडाजीच्या घरी त्याची लेक बाळंत झाली. बाळ छान होतं, पण लेकीच्या अंगातलं बळ पार गेलं होतं आणि दूध उतरत नव्हतं. बाळाला कापसाच्या बोळ्याने शेळीचं दूध पाजत होते. ते त्याला पचेना. ते रडायचं, दमायचं, झोपायचं आणि उठून पुन्हा रडायचं.

तीन दिवसांनी वैद्य आला, नाडी पाहिली आणि म्हणाला, "हिला मरळ माशाचं कालवण द्या. ताजी मरळ हवी, आणि उशीर करू नका."

"एवढंच ना?" कोंडाजी म्हणाला. "उद्या रंगपंचमी. काळजीच नको." त्याने वही उघडून बायकोला दाखवली. दोन वर्षांपूर्वीच्या रंगपंचमीच्या पानावर त्याने कौतुकाने एक फूल काढलं होतं. हिरवा बेडूक, लव्हाळ्याचा काठ. सकाळी एक मरळ घरी नेली, दोन धरून सोडून दिल्या. मागच्या वर्षी तो तापाने पडून होता, म्हणून ते पान कोरं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो तळ्यावर गेला. ठकूमावशी परटीण नेहमीप्रमाणे गुडघाभर पाण्यात उभी राहून धुणं धोपटत होती.

"मावशी, आज बघाच गंमत," कोंडाजी म्हणाला.

मावशीने त्याच्या हातातला बेडूक पाहिला. "अरे बाबा, पाण्यात उभं राहवत नाहीये. बोटं जागेवर आहेत की गळून पडली, कळत नाही. या पाण्यात तू बेडूक नाचवणार? खरा बेडूक दिसतोय का तुला कुठे?"

"तुम्ही कपड्यांचं बघा. माशांचं मी बघतो."

"बघ बाबा, बघ," मावशी म्हणाली आणि तिने हातातलं धोतर जरा जास्तच जोरात आपटलं.

कोंडाजीने लव्हाळ्याच्या कडेला बेडूक टाकला. बेडूक एकदा उडाला, दोनदा उडाला. पाणी जसंच्या तसं. दुपारपर्यंत बेडूक उड्या मारून मारून थकला, म्हणजे कोंडाजीचा हात थकला. तो रिकाम्या हाताने घरी आला.

"काय झालं?" बायकोने विचारलं. तिचं नाव मंजुळा.

"आजचा हिरवा जरा फिका पडला असावा. पण षष्ठीच्या पानावर चमकी लिहिलीये."

षष्ठीला चमकी झाली. सप्तमीला पिसांचा झुबका झाला. त्याच दिवशी झुबक्यानंतर लाल अळी, अळीनंतर पुन्हा बेडूक, या वेळी पाठीवर पिवळे ठिपके देऊन. अर्धा वेळ गळ पाण्यात असे आणि अर्धा वेळ कोंडाजी काठावर बसून गाठ सोडत आणि बांधत असे. कशालाच मासा फिरकेना.

तिसऱ्या दिवशी तो चिडला. "मावशी, तुमच्या या धोपटण्याने मासे पळतात!"

मावशी कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली. "चाळीस वर्षं धोपटतेय मी इथे. मासे माझ्या सुनेपेक्षा जास्त सोसतात. मासे पळाले नाहीत, बाबा. ते गारठून तळाशी बसलेत. तुझा हा नाच बघायला वर कोण येणार?"

"वहीत तसं लिहिलेलं नाही," कोंडाजी म्हणाला.

यावर मावशीने फक्त आकाशाकडे पाहिलं आणि पुढचा कपडा उचलला.

त्या दिवशीही तो रिकाम्या हाताने परतला. अंगणातच बाळाचं रडणं ऐकू येत होतं. आता ते रडणंही बारीक झालं होतं. आतून लेकीने खोल गेलेल्या आवाजात विचारलं, "बाबा आले का गं?" मंजुळा बाहेर आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"मिळाली?"

"अगं, अष्टमीला..."

"पुन्हा अष्टमी!" मंजुळाने कपाळावर हात मारला. "मासा पंचांग बघून जेवायला बसतो का हो? तीन दिवस झाले, मी ऐकतेय! पंचमीला हे, षष्ठीला ते! या बाजूला या. या म्हणते ना!"

तिने त्याला दंडाला धरून दारातल्या आंब्याखाली नेलं.

"वर बघा. काय दिसतंय?"

"मोहोर."

"आणि तुमच्या त्या फुलाच्या पानाच्या दिवशी काय होतं या झाडाला? आठवा. रंग खेळून पोरं आली होती आणि मी त्यांना पन्हं दिलं होतं. कशाचं दिलं होतं? मोहोराचं?"

पन्हं कोंडाजीला आठवत होतं. त्याने स्वतः तीन पेले घेतले होते. लिंबाएवढ्या कैऱ्या लागल्या होत्या त्या वेळी. मग त्याला आणखी एक आठवलं.

"त्या वर्षी अधिक महिना येऊन गेला होता," तो हळूच म्हणाला. "सगळे सण उशिरा आले होते. म्हणजे ती रंगपंचमी ऐन उन्हाळ्यातली... आणि ही..." त्याने बोटं मोजली. "बावीस दिवस अलीकडची."

"तिथी तीच," मंजुळा म्हणाली. "पाणी ते नाही. हे मावशींना पायांनी कळलं, या झाडाला कळलं. तुम्हालाच तेवढं कळायचं राहिलं. वही द्या इकडे."

"वही?"

"द्या."

त्याने दिली. मंजुळाने ती तांदळाच्या डब्यात टाकली आणि वर झाकण लावलं. "उद्या आधी पाय पाण्यात घाला. मग पेटीत हात."

अष्टमीच्या सकाळी कोंडाजी धोतर खोचून मावशीच्या शेजारी पाण्यात उतरला. एक चादर धुऊन होईपर्यंत तो उभा राहिला. आधी घोटे दुखले, मग बधिर झाले, मग पाय आपलेच आहेत का, अशी शंका येऊ लागली. त्याने आजूबाजूला नीट पाहिलं. काठावर एकही बेडूक नव्हता. पाण्यावर चतुर उडत नव्हते. लव्हाळ्याला नवा कोंब नव्हता. गेले तीन दिवस हे सगळं असंच त्याच्या नाकासमोर होतं.

"मावशी," तो म्हणाला, आणि हे म्हणायला त्याला जड गेलं, "या तळ्यात बरं पाणी कुठे लागतं?"

मावशी त्याला टोमणा मारणार होती. तिने तोंड उघडलंही होतं. पण त्याच्या घरातल्या बाळाची गोष्ट तिलाही ठाऊक होती. ती म्हणाली, "सकाळी कुठेच नाही. ऊन कललं की बांधाच्या दगडांपाशी ये. दिवसभर दगड तापतात, आणि तिथे खोलही आहे. थंडीत मी गोधड्या तिथेच धुते. मला जिथे बरं वाटतं, तिथे माशालाही वाटत असेल."

दुपार कलल्यावर कोंडाजी बांधावर आला. मंजुळाही लेकीजवळ शेजारणीला बसवून मागोमाग आली. कोंडाजीने पेटी उघडली. त्याचा हात सवयीने बेडकाकडे गेला, तिथे थबकला आणि खाली उतरला. सर्वांत खालच्या खणातून त्याने ती काळी वादी काढली. गारठलेला मासा पळत्या घासामागे धावणार नाही, त्याच्या तोंडापुढे संथपणे सरकणारं काहीतरी हवं, एवढं आता त्याला कळलं होतं. त्याने वादी भिजवली, वर शिशाचा तुकडा बांधला आणि दगडांच्या कडेने खोल पाण्यात सोडली. मग वीतभर ओढायची, थांबायचं, पुन्हा वीतभर.

बराच वेळ काही झालं नाही. कोंडाजीचा हात पेटीकडे वळू लागला.

"हात आवरा," मंजुळा म्हणाली.

"फक्त ती लाल अळी एकदा..."

"आवरा म्हणते ना!"

त्याने हात आवरला. ऊन आणखी कललं. दोरीला हिसका बसला नाही, ती फक्त जड झाली, जशी ओली गोधडी उचलताना होते. कोंडाजीने श्वास रोखला, तीन आकडे मोजले आणि ओढलं. तळाशी काहीतरी वळलं. मग दोरी बांधाच्या कडेने सुसाट पळाली आणि मंजुळाने नवऱ्याची कंबर धरली. थोड्या वेळाने हातभर लांबीची काळी मरळ गवतावर शेपटी आपटत होती.

त्या संध्याकाळी लेकीने वाटीभर कालवण प्यायलं आणि आणखी मागितलं. मग रोज दुपारी कोंडाजी बांधावर गेला आणि घरापुरती एक मरळ घेऊन आला. तिसऱ्या दिवशी बाळ पहिल्यांदा आईचं दूध पोटभर प्यायलं, आणि इतकं गाढ झोपलं की मंजुळा दोनदा त्याचा श्वास बघून आली.

मग तिने तांदळाच्या डब्यातून वही काढली, झटकली आणि नवऱ्याच्या हातात दिली. "घ्या. लिहायला माझी ना नाही."

कोंडाजीने नवं पान उघडलं. तिथी लिहिली, आमिष लिहिलं, मासे लिहिले. मग या तिन्हींच्या आधी, डाव्या अंगाला, त्याने एक नवा रकाना आखला आणि त्यावर मथळा घातला: मावशीचे पाय.

तेव्हापासून तो रोज तळ्यावर गेला की पेटी खाली ठेवी आणि आधी विचारी, "मावशी, पाय कसे आहेत?"

एकदा परगावचा एक वाटसरू हे ऐकून थांबला. "किती माया! भाचा आहे का हो तुमचा?"

"भाचा कसला!" ठकूमावशी म्हणाली. "मासे धरतो तो. माझ्या पायांना विचारल्याशिवाय पेटी उघडत नाही मेला." आणि कोंडाजीकडे वळून ती ओरडली, "आज बोटं मोकळी आहेत रे! आणि काल संध्याकाळपासून लव्हाळ्यात बेडूक ओरडतायत!"

कोंडाजीने ते आधी वहीत लिहिलं. मग पेटी उघडली आणि हिरवा बेडूक बाहेर काढला.

तात्पर्य: काय केलं ते जरूर लिहून ठेवावं, पण ते कोणत्या पाण्यात केलं तेही लिहावं; आणि जुनं पान उघडण्याआधी आज त्या पाण्यात जो उभा आहे, त्याला विचारावं.