मुरलीधरशेटचं आजारपण

बाजारपेठेच्या एका गावात मुरलीधरशेट नावाचे एक कापडवाले राहत. त्यांच्या दुकानातलं कापड कुणी पुन्हा मोजून पाहत नसे. शेटजींनी फाडलं म्हणजे ते पुरणारच, असा गावाचा विश्वास. शेटजींना या गोष्टीचा फार अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत.

त्यांचा मुलगा सौमित्र शहरात शिकत होता. विद्यापीठाने त्याची सहा महिन्यांसाठी आयर्लंडला शिकायला जाण्यासाठी निवड केली. शेटजींनी फी भरली, विमानाचं तिकीट काढलं, जाणं रद्द झालं तर पैसे परत मिळावेत म्हणून प्रवासाचा विमाही उतरवला. गावभर पेढे वाटले. आणि निघायची वेळ जवळ आली तसं चिरंजीवांचं अवसान गळालं. बरोबर येणारा मित्र ऐन वेळी मागे हटला होता. "मी एकटा नाही जाणार," म्हणून सौमित्र हटून बसला.

शेटजींनी विमा कंपनीला फोन केला. पलीकडून एक बाई गोड आवाजात म्हणाली, "विद्यार्थ्याचा विचार बदलला तर पैसे मिळत नाहीत, सर. तो स्वतः किंवा त्याचे आईवडील गंभीर आजारी पडले, तरच मिळतात."

दोन दिवस शेटजी बुडणाऱ्या पैशांचा हिशेब करत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या छातीत दुखू लागलं! ओळखीच्या डॉक्टरांनी दाखला दिला. कंपनीचा माणूस चौकशीला कधीही येऊ शकतो, म्हणून शेटजींनी अंथरूणही धरलं.

"धडधाकट माणसाने अंथरुणात पडायचं? काहीतरी अभद्र," त्यांची बायको म्हणाली.

"थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे," शेटजी म्हणाले. "यात कुणाचं काय जातंय?"

कंपनीचा माणूस काही आला नाही. गाव मात्र आलं. कुणी शहाळी आणली, कुणी मुगाची खिचडी, कुणी कपाळाला अंगारा लावून गेलं. माणसं असेपर्यंत शेटजी कण्हत आणि ती गेली की पोटभर जेवत. पहिल्या दिवशी त्यांना याची गंमत वाटली. पुढे पुढे घास उतरेना.

त्यांच्या भिंतीला भिंत लागून दामूअण्णा कासाराचं घर होतं. त्याच आठवड्यात अण्णांच्या एकुलत्या एक मुलीचं, मयूरीचं लग्न होतं. पोरीची वरात वेशीपर्यंत ऐकू गेली पाहिजे, हे अण्णा ती रांगत होती तेव्हापासून सांगत आले होते. ते येऊन शेटजींच्या उशाशी बसले.

"शेट, घोर करू नका. बँडवाल्यांना नको म्हणून सांगितलंय. फटाकेसुद्धा नाहीत. तुमच्या छातीला धक्का बसायला नको."

"अहो अण्णा, वाजू द्या की! मला काही होत नाही."

"असं कसं? इसार बुडाला तो बुडाला. तुमच्या जिवापेक्षा बँड मोठा आहे का?"

शेटजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तेव्हाच खरं बोलायला हवं होतं. ते बोलले नाहीत.

लग्न लागलं. संध्याकाळी वरात निघाली. शेटजी खिडकीतून पाहत होते. बायकांनी पैंजण काढून हातात घेतले होते. घोड्याच्या गळ्यातले घुंगरू सोडून ठेवले होते. एवढी माणसं चालली होती, पण आवाज फक्त चपलांचा येत होता.

मयूरी वरात थांबवून आत आली. आपल्याकडे झोपलेल्या माणसाच्या पाया पडत नाहीत. तसा नमस्कार फक्त गेलेल्या माणसाला करतात. पोरगी पलंगाशी घुटमळली.

"काका, मी निघाले. तुम्हाला उठवत नसेल तर राहू द्या. मी उंबऱ्यालाच डोकं टेकते."

ती खरोखरच वळली आणि दारात वाकली. शेटजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पांघरूण फेकून ते उठले आणि अनवाणी तिच्या मागोमाग रस्त्यावर आले. "मला काहीही झालेलं नाही," ते भर वरातीत म्हणाले. मग हात जोडून त्यांनी सगळं सांगितलं. मुलाची भीती, विमा, डॉक्टरांचा दाखला. "अण्णा, बँड बोलवा. मी स्वतः वाजवायला सांगतो."

अण्णांनी पुढे होऊन त्यांचे जोडलेले हात खाली घेतले.

"बँड आज दुसऱ्या गावच्या लग्नात आहे, शेट," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "तुम्ही बरे आहात, हे चांगलं झालं."

या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर शेटजींना बरं वाटलं असतं.

मयूरी वाकली आणि तिने त्यांना नमस्कार केला. आशीर्वाद द्यायला शेटजींचा हात काही उठेना. वरात आली तशीच मुकाट पुढे गेली. घराच्या दारात सौमित्र खाली मान घालून उभा होता.

दुसऱ्या दिवशी शेटजींनी कंपनीला खरं काय ते कळवलं आणि दुकान उघडलं. पहिल्याच बाईने कापड हातात घेतलं आणि वितीने मोजून पाहिलं. माप बरोबर होतं. तरी शेटजींना मान वर करवेना.

तात्पर्य: खोटं बोलून पैसा मिळवताना तो परक्याच्या खिशातून जातोय असं वाटतं, पण त्याची किंमत आपल्यावर विश्वास ठेवणारी माणसं मोजतात, आणि ते नुकसान कुठलाही विमा भरून देत नाही.