सूर्याला दीड तास थांबवा!

"सूर्य दीड तास लवकर येतोय!" उदाजीराव महाराज गरजले. "आमच्या संस्थानात आमच्या आधी डोक्यावर यायची त्याची हिंमत कशी झाली?"

समोर चांदोरकर मास्तर घाम पुसत उभे होते. चिखलगडचं कॉलेज नुकतंच निघालं होतं. पदार्थविज्ञान, खगोलशास्त्र आणि नीतिशास्त्र, असे तीन विषयांचे पहिले वर्ग. तिन्हींना मिळून मास्तर मात्र एकच, कारण बाकीचा पैसा कॉलेजच्या कमानीत गेला होता. कमान काय झकास झाली होती म्हणता! आत बाक नव्हते, ही गोष्ट वेगळी.

आता घोटाळा असा झाला. खगोलशास्त्राच्या तासाला मुलांनी अंगणात काठी रोवली, तिची सावली मोजली आणि सावली सगळ्यांत आखूड झाली ती वेळ मांडून ठेवली. तीच खरी दुपार. पण चिखलगडात दुपारचे बारा तोफेवर वाजत, आणि तोफ उडे महाराजांच्या जेवणावर! महाराजांनी पाटावर बसून चित्राहुती घातली, की मागचा भिकू हुजऱ्या लाल फडकं हलवी आणि बुरुजावरून येसाजी गोलंदाज बत्ती देई. महाराज उठायचे उशिरा, जेवायचे उशिरा. म्हणून अख्ख्या संस्थानाचे बारा दीड तास उशिरा वाजत. तीन पिढ्यांत कुणाची बोलायची छाती झाली नव्हती. मुलांनी मात्र वहीत सरळ लिहिलं, 'तोफ चुकते.' आणि वही नेमकी गेली महाराजांच्या हाती!

"बोला मास्तर, कोण चुकतंय? तोफ की सूर्य?"

मास्तरांनी आदल्याच दिवशी नीतिशास्त्राचा तास सत्यावर घेतला होता. आता माघार कशी घेणार? "सूर्य बरोबर आहे, सरकार," ते पुटपुटले.

"अस्सं? मग आठ दिवसांत आमच्यासमोर तोफेचा आणि सूर्याचा मेळ घालून दाखवा! तोफेची रीत आजोबांची आहे, ती बदलणार नाही. जमलं नाही, तर कॉलेजात हत्ती बांधू आणि तुम्ही संस्थानाबाहेर!"

"वा वा! काय न्याय!" दरबारी माना डोलवू लागले. त्यांना तेवढंच येत होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मास्तरांनी पुस्तकं बांधायला घेतली. तेव्हा येसाजी गोलंदाजाची गोजरा उठली. पोर वर्गात सगळ्यांत हुशार, आणि तोंडाने फटकळ! कॉलेज बंद झालं, तर तिला पुन्हा बापाबरोबर तोफेच्या दारूच्या पिशव्या भरत बसावं लागणार होतं.

"मास्तर, पुस्तकं सोडा. हे काम मी करते," ती म्हणाली.

"अगं, सूर्य थांबवणार आहेस का तू?"

"सूर्याला कशाला त्रास द्यायचा? त्याचं काम तो चोख करतोय. संस्थानात तसा तो एकटाच आहे."

आठव्या दिवशी महाराज लवाजम्यासह कॉलेजच्या अंगणात सिंहासन टाकून बसले. त्या दिवशी मुद्दाम लवकर उठावं लागल्यामुळे चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा! समोर काठी, काठीची सावली आणि जमिनीवर खऱ्या दुपारची खडूची रेघ. सावली हळूहळू आखडत रेघेकडे निघाली होती.

अंगणाच्या पश्चिमेला गोजराने तीन दगडांची चूल मांडली होती. तव्यावर थालीपीठ टाकून भोकांतून लोणी सोडलं आणि चर्रर्र झालं. वारा पश्चिमेचाच होता. वास निघाला तो थेट राजनाकात!

महाराज चुळबुळले. "काय चाललंय तिथे?"

"पदार्थविज्ञान, सरकार! तापलेली हवा वास घेऊन कुठवर जाते, ते बघतेय."

"आमच्यापर्यंत आलीय! आण इकडे ते!"

राजवाड्यात रोज बावीस पदार्थ व्हायचे, पण थालीपीठ हे रयतेचं खाणं म्हणून कधीच नाही. महाराजांच्या तोंडाला असं पाणी सुटलं की बोलणं जमेना.

"कच्चं आहे, सरकार. जरा दम धरा," गोजरा म्हणाली. तिचा एक डोळा तव्यावर होता, एक सावलीवर. काठ खरपूस झाला. सावली रेघेला टेकायला आली. तिने थालीपीठ ताटात घातलं आणि तव्यावर दुसरं टाकलं. "आता झालं!"

"पाट मांडा!"

पाट आला, ताट आलं. महाराजांनी घाईघाईने चित्राहुती घातली. भिकूने सवयीने समोरच्या बुरुजाकडे लाल फडकं हलवलं.

धडाम्!

सगळ्यांनी जमिनीकडे पाहिलं. सावली बरोब्बर रेघेवर होती. ना एक बोट इकडे, ना एक बोट तिकडे!

"झाला मेळ, सरकार," गोजराने हात जोडले.

महाराजांचा घास गालातच राहिला. "म्हणजे सूर्य थांबला?"

"छे! मास्तरांनी पहिल्याच तासाला शिकवलंय, जड वस्तू हलत नसेल तर हलकी हलवा. सूर्य भलताच जड. तोफ आजोबांची. उरले सरकार! सरकारांना हलवायला एक थालीपीठ पुरलं."

दरबाऱ्यांनी डोळे मिटून घेतले. मास्तरांनी काठीचा आधार घेतला.

"म्हणजे आम्हाला फसवलंस!" महाराज ओरडले. "हीच का तुमची नीती?"

"सरकारांना भूक लागली होती की नव्हती? खरं सांगा हं, काठीशेजारी नीतिशास्त्राचे मास्तर उभे आहेत!"

महाराजांनी मास्तरांकडे पाहिलं, मग ताटाकडे. आणि एकदम असे हसत सुटले की पाट डगमगला! "लागली होती! सपाटून लागली होती! चांदोरकर, पुस्तकं सोडा. हत्ती आहेत तिथेच राहतील. आजपासून आम्ही याच सावलीला जेवणार! भिकू, ते लाल फडकं पोरीच्या हाती दे. तिने हलवल्याशिवाय आम्ही पाटावर बसणार नाही आणि तोफही उडणार नाही!"

गोजराने फडकं घेतलं आणि वाकून मुजरा केला.

"मुजरा मागाहून कर गं!" महाराज चुलीकडे बोट दाखवत ओरडले. "ते दुसरं करपतंय, आधी ते उलट!"