खिंडीतली न हलणारी ऐरण

वेळुंडे गावाला लोहार आहे, पण त्याचं दुकान गावात नाही. विळ्याला धार लावायची असो की कुदळ ठोकून घ्यायची असो, माणसं अर्धा कोस चढण चढून खिंडीत जातात. तिथे रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड आहे, भाता आहे, आणि सपाट कातळावर ठेवलेली एक जुनी ऐरण. भट्टीवर सध्या गजराकाकी बसतात. साठी उलटली तरी घण त्याच मारतात. पहिला ठोका पडला तेव्हा मी दचकून मागे सरले, तर त्या हसल्या. "लोखंडाला मारतीय बाई, तुला न्हाई."

दुकान गावापासून इतकं दूर का, असं विचारलं की त्या घण खाली ठेवतात आणि सांगतात ते असं.

फार मागे, काकींच्या आजेसासऱ्यांच्याही आधी, ऐरण गावातच होती म्हणे. लोहाराचं नाव सटवाजी. घण मारायला त्याची बायको कोंडाई. लोहाराला तेव्हा रोख मजुरी नसे. वर्षभर फाळ, विळे, खुरपी करून द्यायची आणि सुगीला प्रत्येकाच्या खळ्यावर जाऊन आपल्या वाट्याचं धान्य घ्यायचं. दोन वर्षं सुगीच झाली नाही. खळीच ओस, तर लोहाराला कोण काय देणार? लोखंड आणि कोळसा मात्र खिंडीपलीकडच्या पेठेतून, अंबुजी सावकाराकडून, उधारीवर येतच राहिला.

तिसऱ्या वर्षी चैत्रात अंबुजी गाडी जुंपून आला. तो काही वाईट माणूस नव्हता, हे काकी आवर्जून सांगतात. त्याने शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. घरात नजर फिरवली. चार मडकी, एक शेळी, एक कांबळं. लोखंडाचं देणं लोखंडानेच फिटावं असं त्याने मनाशी ठरवलं आणि ऐरणीकडे बोट केलं.

कोंडाई बोलली.

"आबा, ऐरण न्हेली तर तुमचं देणं फेडायचं कशावर?"

अंबुजीने गाडीवरच्या गड्यांना खूण केली. दोघा गड्यांनी ऐरण बांबूला बांधली, उचलली, गाडीत घातली. दोघांनी उचलली, हे ध्यानात ठेवा, असं काकी इथे बोट वर करून सांगतात.

तो बाजाराचा दिवस होता. सावकाराची गाडी पुढे आणि तिच्यामागे वेळुंड्याच्या आठ-दहा गाड्या, अशी रांग खिंड चढत होती. चैत्राच्या उन्हात चाकाचं लाकूड सुकून आक्रसतं आणि चाकाभोवतीची लोखंडी पट्टी, जिला धाव म्हणतात, ती सैल पडते. एरवी लोहार ती वेळेवर आवळून देतो. अंबुजीला तेवढी सवड झाली नव्हती. त्यात गाडीत ऐरणीचं वजन. खिंडीच्या ऐन अरुंद जागी धाव निखळली, गडगडत उतारावर गेली आणि चाक दगडात रुतलं.

गाडी पुढे जाईना की मागे येईना. बाजूने वाट नाही. मागून टोमणे सुरू झाले. "सावकार, धाव गेली, आता धावा करा!" एक म्हातारी कोंबड्यांची पाटी घेऊन निघाली होती, आपल्या कोंबड्या आता इथेच अंड्यावर बसणार, असं ती ज्याला त्याला सांगत सुटली. शेवटी अंबुजीने एक गडी गावाकडे पिटाळला. लोहाराला घेऊन ये म्हणून सांगताना त्याची जीभ अडखळली असणार. पण दुसरा लोहार होता तो पेठेत, आणि पेठेची वाट त्याच्याच गाडीने अडवलेली.

सटवाजी येणार नाही असं पुष्कळांना वाटलं होतं. पण वाटेत अडलेल्या गाडीला लोहार नाही म्हणत नाही, आणि तिथे मजुरीही ठरवत नाही, हा धंद्याचा नेम. भाता, सांडशी, घण खांद्यावर टाकून नवरा-बायको चढण चढून आली. उतारावरची धाव कोणीतरी शोधून आणली होती. सटवाजीने ती पाहिली. कापून आखूड करायला हवी होती, टोकं पुन्हा जोडायला हवी होती. तो अंबुजीला म्हणाला, "ठोकायला ऐरण लागंल."

कोणी हसलं नाही, म्हणे.

ऐरण उतरवून कातळावर ठेवली. बाजाराला निघालेल्या गोवऱ्या जाळाला मिळाल्या, बायकांनी घागरीतलं पाणी दिलं. कोंडाईने घण घेतला. धाव तापवली, कापली, टोकावर टोक ठेवून एकजीव केली, पुन्हा तापवून लाल असतानाच चाकावर चढवली आणि वरून पाणी ओतलं. चर्र झालं, वाफ उठली, आणि धाव लाकडाला चावून बसली.

गाडी चालू झाली. राहिलं होतं ते ऐरण पुन्हा चढवायचं. सटवाजी आपणहून बाजूला झाला, कारण त्याच्या लेखी ती आता सावकाराचीच होती. दोघा गड्यांनी हात घातला. ऐरण हलली नाही. अंबुजीने मागच्या गाडीवाल्यांना हाक दिली. आठ जण आले. त्यांनी हात लावले, कण्हले, कुंथले, एकाच्या कपाळाची शीर टरारली. कोंबड्यावाल्या म्हातारीनेही पाटी खाली ठेवून एक हात लावला.

"हलत न्हाई, सावकार," एकाने सांगितलं.

"हलत न्हाई," बाकीचे म्हणाले.

ऐरणीवर देवी येऊन बसली होती, असं सांगतात. काकीही तेच सांगतात, आणि मग भात्याकडे बघत म्हणतात, "आता जोर किती जणांनी लावला, त्ये काय कुणी मोजलं न्हाई."

अंबुजी स्वतः पुढे झाला. त्याने ऐरणीवर तळवा टेकवला. ती अजून गरम होती. त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, शेवटी कोंडाईकडे. सकाळचा प्रश्न तिच्या तोंडावर तसाच होता. त्याने हात काढून घेतला आणि धोतराला पुसला.

"ऐरण सोडून काय ते बोलू," तो म्हणाला.

देणं फिटलं. तीन सुग्या लागल्या, पण फिटलं ते त्याच ऐरणीवर. फक्त एक अडचण झाली. आठ जणांना न हललेली ऐरण सटवाजीने दुसऱ्या दिवशी घरी नेली असती, तर अख्खं गाव खोटं पडलं असतं. म्हणून ऐरण तिथेच राहिली आणि भाता खिंडीत आला. तेव्हापासून गाव चढण चढतं. कुरकुरतं, पण पावसाळ्यात, आणि हळू आवाजात.

वेळुंड्यात वसुलीला आलेला माणूस आधी "ऐरण सोडून बोलू" म्हणतो, मग बसतो. समोर शिंप्याचं मशीन असो, नाही तर न्हाव्याची धोपटी. कारागिराची हत्यारं जप्त करू नयेत असं आता कायद्यातही आहे, हे मी काकींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आसंल. त्यांच्यातबी कुणाची तरी धाव निखळली आसंल."

आजही खंडेनवमीला गाव खिंडीत जमतं. ऐरणीला हळदकुंकू वाहतात. मग आठ जण तिला हात घालून कण्हतात आणि "हलत न्हाई" म्हणतात. त्या आठांत अंबुजीच्या घराण्यातला एक असावाच लागतो. एरवी येणाऱ्या-जाणाऱ्याला काकीच हात लावायला सांगतात. मीही लावला. जरा जास्तच जोर लागला असावा, कारण ऐरण कातळावर डुगडुगली. मी दचकून काकींकडे पाहिलं.

"हलली का?" त्यांनी विचारलं.

"हलत न्हाई," मी म्हटलं.

काकींनी घण उचलला.