विसाजीपंतांची मिशी आणि सात बोलकी यंत्रं

पंगतीत पाणी शिरलं तेव्हा मी तिसरा लाडू उचलत होतो, त्यामुळे मला ते सगळ्यांत शेवटी कळलं. पाटाचं पाणी! महाराजांच्या व्याह्यांची पंगत बसलेली, आणि पानातली भजी पोहायला लागली. मी विसाजीपंत, गडावरच्या यंत्रशाळेचा कारभारी. म्हणजे हा सगळा घोळ माझाच.

आमच्या महाराजांकडे सात बोलकी यंत्रं होती. भिंतीतल्या झरोक्याशी तोंड नेऊन काम सांगायचं, की यंत्र ते आपलं आपण उरकायचं. एक पाटाचं पाणी सोडायचं, एक वैद्यबुवांना औषध काढून द्यायचं, एक आचाऱ्याला उद्याच्या भाकऱ्या किती ते सांगायचं. यंत्रं भलती हुशार. फक्त सांगणारा कोण आहे, हे त्यांना कळत नसे. त्या दिवशी कुणा बागायतदाराने गुपचूप येऊन आपल्या उसाला पाणी मागितलं, आणि यंत्राने ते इतक्या मनापासून सोडलं की पंगतीपर्यंत आलं.

कोणी कुठल्या यंत्राशी जावं हे बघणं माझं काम. ते मी किती अकलेने केलं तेही ऐका. आधी प्रत्येक दारावर ठसठशीत पाटी लावली, ‘येथे पाटाचे यंत्र आहे, परक्यांनी येऊ नये.’ ज्यांना पत्ता नव्हता त्यांनाही मी तो देऊन टाकला. मग पाट्या काढल्या, तर वैद्यबुवा पाटाच्या यंत्रापाशी काढा मागत बसले. शेवटी परवलीचा शब्द ठेवला. पहारेकऱ्याला जरा कमी ऐकू यायचं, म्हणून शब्द ओरडून सांगावा असा नियमही मीच केला. दोन दिवसांत बाजारातली पोरं तो शब्द ओरडत लगोरी खेळू लागली. बागायतदाराला तो तिथेच मिळाला असणार.

महाराजांनी ओले पाय पुसत मला समोर उभं केलं. म्हणाले, “पंत, ज्याचं काम आहे त्याला त्याचं यंत्र बिनबोभाट सापडलं पाहिजे. ज्याचं नाही, त्याला ते यंत्र जगात आहे हेही कळता कामा नये. तीन दिवस देतो. तिसऱ्या दिवशी मी स्वतः वेष पालटून येईन. पाटाच्या यंत्रापर्यंत पोचलो, तर तुमची अर्धी मिशी उतरवून गाढवावरून गावभर फिरवीन.”

माझे डोळेच पांढरे झाले. माझी अक्कल बेताची, हे एव्हाना तुम्हालाही कळलंय. पण मिशी मात्र बघण्यासारखी होती. घरात तूप आधी तिला, मग माझ्या वरणाला.

दोन दिवस मी नुसता मिशीवरून हात फिरवत बसलो. निरोपच घेत होतो म्हणा ना! दुसऱ्या दिवशी दुपारी राही परटीण माझे धुतलेले कपडे घेऊन आली. गडावरच्या झाडून सगळ्यांचे कपडे तीच धुवायची. माझं तोंड बघून तिने काय झालं ते विचारलं, आणि मीही तिच्यापुढे अगदी रडवेला होऊन सगळं सांगितलं.

तिने माझ्या उपरण्याचा कोपरा उलटा केला. तिथे बिब्ब्याने काढलेली बारीकशी खूण होती. इतकी वर्षं ते उपरणं मिरवत होतो, पण ती मला कधी दिसली नव्हती. राही म्हणाली की अशी खूण प्रत्येकाच्या कपड्यावर असते, ती साबणाने जात नाही आणि कुणाची कोणती ते फक्त तिला ठाऊक असतं.

“पंत, मी लोकांना ढिगाऱ्यात हात घालू देत नाही,” ती म्हणाली. “खूण बघते, ज्याचं गाठोडं त्याला देते. दिवाणसाहेबांचं धोतर आत आहे की नाही, हे तुम्हाला सांगायचंच कशाला?”

तिच्या सांगण्यावरून मी सातही दारं आतल्या चौकात वळवली आणि बाहेर एकच खिडकी ठेवली. खिडकीत राही बसली. तिच्यामागे मी, मिशी मुठीत धरून.

तिसऱ्या दिवशी सकाळी वैद्यबुवा आले, औषधाच्या यंत्राशी गेले, खूश होऊन परतले. मग एक दाढीवाला आला. आपण पाटकरी आहोत, पाणी सोडायला आलोय, असं म्हणून त्याने परवलीचा शब्दही ठणकावून सांगितला. राहीने त्याचं उपरणं मागून घेतलं, कोपरा बघितला आणि परत दिलं.

“तुमच्यासाठी एकच यंत्र आहे. उद्याच्या भाकऱ्या किती ते सांगतं. डाव्या हाताला जा.”

“आणि पाटाचं यंत्र?”

“कसला पाट?” राही इतक्या सरळ तोंडाने म्हणाली की क्षणभर मलाही शंका आली.

त्याने दाढी ओढून काढली. महाराज! मी जागच्या जागी लोटांगण घातलं. राहीने हात जोडले, पण खिडकीतून हलली नाही.

“आता ओळखलंस ना? मग उघड दार,” महाराज म्हणाले.

“उपरणं आचाऱ्याचं आहे, महाराज. स्वतःचं घालून या, सातही दारं उघडते.”

“अगं, चेहरा तर माझा आहे!”

“चेहरा आपण आत्ताच एकदा बदललात, महाराज.”

महाराजांच्या मिशीखाली हसू हललं, पण ते इतक्यात हार मानणारे नव्हते. “आणि मी खऱ्या पाटकऱ्याचेच कपडे पळवून आणले असते तर?”

“तर पाटकरी आपल्याआधी इथे उघडाबंब येऊन बोंबलला असता. त्याच्या खुणेवर मी तेव्हाच काट मारली असती.”

महाराज एवढे हसले की त्यांना खिडकीचा आधार घ्यावा लागला. त्यांनी राहीला यंत्रशाळेचं कारभारीपण दिलं, आणि तिने मागितला तसा पाटावर धुण्याचा दगडी घाट बांधून द्यायचं कबूल केलं. माझी मिशी शाबूत राहिली. फक्त कारभारी आता ती होती, आणि मी मोकळा.

सवयीने दुसऱ्या दिवशी मी खिडकीशी गेलो. महाराजही घाटाची जागा दाखवायला तिथे आलेले. मी ऐटीत उपरण्याचा कोपरा पुढे केला आणि विचारलं, माझ्यासाठी कोणतं यंत्र आहे?

राहीने खूण नीट बघितली, उपरणं घडी करून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, “यंत्रं? कसली यंत्रं, पंत?”

महाराजांचं हसू पार खालच्या वेशीपर्यंत ऐकू गेलं म्हणतात. मी मिशीवरून हात फिरवला आणि घरी गेलो.