हौसाबाईचा स्वीटहार्ट

छावणीलगतच्या एका गावात तुळाजी नावाचा खानसामा राहत होता. उभा जन्म त्याने एका म्हाताऱ्या साहेबाच्या बंगल्यात रांधलं. साहेब आपल्या म्हाताऱ्या मडमेला 'स्वीटहार्ट' म्हणत असे. तुळाजीला तो शब्द फार आवडला. त्याने तो घरी आणला आणि बायकोला, हौसाबाईला, देऊन टाकला.

"म्हणजे काय हो?" तिने विचारलं.

"गोड काळीज."

"अगं बाई! मग ते घरातच ठेवा. चारचौघांत नको."

आता गावची रीत अशी, की नवऱ्याने 'अगं' म्हणावं, बायकोने 'अहो'. नाव घ्यायचं ते उखाण्यापुरतं. आणि हा गडी ओसरीवरून हाक मारायचा, "स्वीटहार्ट, भाकरी झाली का?" सगळी आळी हसायची. शेजारची गिरजा तर भिंतीवरून विचारायची, "काय गं गोड काळीज, मीठ आहे का घरात?" हौसाबाई लाजून चूर व्हायची. नवऱ्याला दटावायची, पण ओ द्यायची.

म्हातारपणी तुळाजीला अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि ओठ मिटून घेतले. तीन दिवस पेजेचा घोट नाही. हौसाबाई "अहो, अहो" करून थकली. डॉक्टर म्हणाले, "आज पोटात काही गेलं नाही, तर माणूस हातचा जाईल."

हौसाबाईने पेजेची वाटी झाकली आणि तडक शाळा गाठली. वर्ग भरलेला होता. दारातूनच तिने इंग्रजी शिकवणाऱ्या पेडणेकर बाईंना विचारलं, "बाई, स्वीटहार्ट नुसतं बाईमाणसालाच म्हणतात, की बाप्यालाही चालतं?"

पोरं खिदळली. बाई हसल्या नाहीत. "दोघांनाही चालतं, हौसाबाई."

ती परत आली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, नवऱ्याच्या उशाशी बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "स्वीटहार्ट, तोंड उघडा."

कुणी हसलं नाही. गिरजाने डोळ्यांना पदर लावला.

तुळाजीने मान वळवली. ओठ थरथरले, मग उघडले. पहिला चमचा सांडला. दुसरा पोटात गेला.

पुढे तो दोन वर्षं जगला. बोलला नाही. पण ओसरीवरची हाक काही बंद पडली नाही. मारणारी तेवढी बदलली.

तात्पर्य: लोक हसतील म्हणून मायेचा शब्द गिळून बसू नये; जो माणूस तो शब्द जन्मभर आपल्याला देत आला, त्यालाही कधीतरी त्याची भूक लागते.