निसटलेला पुंजका

कपडे धुवायचं मशीन कुणी स्वप्नातही पाहिलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. लगमाक्काने जेन, म्हणजे लोकरीचं जाड अंथरूण करायला घेतलं. चटईवर लोकर पसरली, कढत साबणपाणी शिंपडलं आणि गुंडाळी करून ती पायांनी तुडवू लागली.

तेवढ्यात एक पांढरा पुंजका निसटला. "मला काय चिखल समजलीस?" म्हणत कुंपणावर जाऊन बसला.

आतले पुंजके आधी ओरडले. मग एकमेकांना घट्ट धरून खिदळायला लागले.

जेन तयार झाली आणि वारा सुटला. जेन जागची हलली नाही. पुंजका मात्र कोंबड्यांवरून, शेणावरून भिरभिरत तिच्यावर आदळला.

"मला धर गं!"

"धरते की. पण लाथा खाव्या लागतील."

पुंजक्याने वाऱ्याकडे पाहिलं आणि हाक मारली, "लगमाक्का, पाणी गरम आहे ना अजून?"