तात्यांचा दम

“...पण रेषेबाहेर बसून तुम्हाला ते ऐकू आलं कसं?”

इंद्रजित तावातावानं विचारत होता. दहा वर्षं तो कबड्डीचा पंच होता. त्याच्या निकालावर जिल्ह्यात कुणी बोट ठेवलं नव्हतं. काल मात्र भर सामन्यात त्याचे गुरूच उठले होते, केरबा तात्या. म्हणाले होते, “परत येण्याआधी चढाईवाल्याचं ‘कबड्डी’ थांबलं. दम तुटला. निकाल चूक.”

“वीज गेली होती,” तात्या म्हणाले. “कर्णे बंद पडले. मी कानांतला कापूस काढला.”

“कापूस! गाव हसतंय त्या कापसाला. बावीस कर्णे, वर डीजे... त्याशिवाय मैदान पेटतं का? दहा वर्षं मी त्यांच्या तोंडाशी उभा आहे. काय झालं मला?”

तात्या उठले. सकाळच्या रिकाम्या मैदानात मधल्या रेषेवर जाऊन उभे राहिले.

“ये समोर. डोळे मीट. माझा दम तुटला की हात वर कर.”

ऐंशी वर्षांची छाती भरली.

कबड्डी कबड्डी कबड्डी... आधी खणखणीत. मग हळू. मग आणखी हळू...

मग इंद्रजितच्या कानांत उरली ती रोजचीच शीळ.

त्यानं हात वर केला. “तुटला.”

...

“अहो पंच!” मैदानावर पाणी मारणारी हौसा कडेच्या रेषेवरून ओरडली. “काय हे? तात्यांचं चालूच आहे की!”

त्यानं डोळे उघडले.

तात्या चार हातांच्या अंतरावर होते. पोट पाठीला लागलेलं, मानेच्या शिरा ताठ. आणि ओठ हलत होते. एका श्वासात, न थांबता, अजून हलत होते...

हौसाला तिथवर ऐकू येत होतं. इंद्रजितला इथं नाही.

शेवटी तात्यांनी श्वास घेतला.

“तात्या... माझं ऐकणं परत येईल?”

“नाही.”

मग गळ्यातली शिट्टी काढून त्यानं तात्यांच्या पायांशी ठेवली.

“कालचा निकाल चुकला, असं लेखी देतो. उद्याच्या अंतिम सामन्याला दुसरा पंच बघा.”

“त्यालाही त्याच कर्ण्यांच्या तोंडाशी उभा करू?”



तात्या वाकले. शिट्टीची माती धोतराला पुसली आणि ती पुन्हा त्याच्या गळ्यात घातली.

“ठेवायचीच, तर वाजवून ठेव. एकदाच. उद्या, त्या कर्ण्यांवर. बंद करा म्हणून.”